दर्शनी भाग जपण्यात यावा

...अहो, एक तर पाडा, नाहीतर ठेवा! एवढंच म्हणणं होतं माझं. पण छे! पाडायचीही नाही आणि ठेवायचीही नाही असं तिसरं काहीतरी असतं, आणि ते ठरवायला सात वर्षं, अकरा सुनावण्या आणि एक बाई लागतात, हे मला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या बिल्डिंगबद्दल बोलतोय मी. होती ती. म्हणजे आहे. म्हणजे... पुढून आहे, मागून नाही. थांबा, सगळं सांगतो, तुम्हाला तरी कुठे घाई आहे? मला तर अजिबात नाही.

तर तुम्हाला सांगतो, मी पाणीखात्यातला माणूस. चौतीस वर्षं मीटर वाचले. झाकण उघडायचं, आकडा बघायचा, लिहायचा, झाकण लावायचं, पुढचं दार. आतमध्ये भांडण चाललेलं असो, बारसं असो, कोणी गेलेलं असो, आपण आकडा लिहायचा. आमची बायको म्हणते, ‘तुमच्या तोंडावर भाव उमटतच नाहीत हो, नुसते आकडे सरकतात.’ असेल. कारण ज्या दिवशी नोटीस आली, की तुमची इमारत मोडकळीला आली आहे, चौदा बिऱ्हाडांनी जागा रिकामी करावी, इथे नवीन टॉवर होईल, त्या दिवशी सगळे जिन्यात जमून आरडाओरडा करत होते आणि मी... मला काही वाटलं नाही. खरंच सांगतो. मी आपला नोटिशीवरचा जावक क्रमांक वाचत उभा.

आता जिना म्हटलं म्हणून सांगतो, सगळं रामायण त्या जिन्याचं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बहात्तर पायऱ्या. लिफ्ट नाही. आणि बायकोचे गुडघे गेलेले. आधी ती रोज खाली उतरायची, मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा, मग म्हणाली, ‘पुढच्या आठवड्यात बघू.’ तो पुढचा आठवडा काही आलाच नाही! तेव्हापासून त्या बाईने रस्ता फक्त वरून बघितला. माणसांची डोकी तेवढी ओळखायची. ‘तो टकल्या आज लवकर आला वाटतं!’ मग टॉवर म्हटल्यावर, लिफ्ट म्हटल्यावर, मी संमतीची सही करणार की नाही? केली. बारा जणांनी माझ्याआधी केली होती. तेरावी माझी.

चौदावी राहिली ती आमच्या दादाची. माझा सख्खा थोरला भाऊ, समोरच्याच दारात. आमच्या आणि त्याच्या उंबऱ्यामध्ये सहा पावलं. लग्न केलं नाही, शाळेत चित्रकला शिकवली, आणि रिटायर झाल्यापासून त्या जिन्याची चित्रं काढायचा. अहो, जिन्याची! सकाळचा जिना, दुपारचा जिना, वरून जिना, खालून जिना. सागवानी कठडा, वळणावरचा तो नक्षीचा खांब, त्याला तो स्वतः तेलपाणी करायचा. मला म्हणायचा, ‘अरे, हात तरी लावून बघ, शंभर वर्षं लोकांनी हात फिरवून गुळगुळीत केलाय. असा जिना आता कोण बनवणार आहे?’ मी म्हणायचो, ‘दादा, कोणी बनवू नये म्हणूनच तर सही केलीय.’ तो हसायचा. तोपर्यंत हसत होता.

मग त्याने काय केलं माहितेय? सही तर केली नाहीच, वर वारसा समितीला पत्र लिहिलं! चार पानी. सोबत जिन्याची नऊ चित्रं. आणि समितीच्या बाई आल्या. आम्ही त्यांना टकटक बाई म्हणायचो, कारण त्या दिसेल त्यावर बोटाच्या पेराने टकटक करायच्या आणि कान लावायच्या. भिंतीवर टकटक, दारावर टकटक, आमच्या फ्रिजवर टकटक. ‘हा जुना आहे का?’ ‘हो बाई, पण वारसा नाही, हप्ते फिटलेत.’ हसल्या नाहीत. त्यांच्या मागे बिल्डरचा माणूस. गुळगुळीत साहेब. बूट गुळगुळीत, फाइल गुळगुळीत, बोलणं तर विचारूच नका. ‘काका, विकास आणि वारसा, दोन्ही आपलेच आहेत. आपण मध्यममार्ग काढू.’ मी म्हटलं, ‘साहेब, मार्ग कुठूनही काढा, फक्त त्याला पायऱ्या नकोत.’

दुसऱ्या वर्षीची सुनावणी. मोठं टेबल, मागे पंखा, पंख्याखाली सगळ्यांनी कागद हाताने दाबून धरलेले. मी अर्ज केला होता की निदान बाहेरून एक लिफ्ट तरी लावू द्या. टकटक बाई म्हणाल्या, ‘दर्शनी भागाला बाधा येईल.’ मी म्हटलं, ‘बाई, माझी बायको चौदा महिने खाली उतरलेली नाही.’ त्यांनी लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, वाईट नव्हत्या त्या. आणि तेवढ्यात दादा उठला. म्हणाला, ‘तिला मी उचलून खाली नेईन. रोज नेईन. पण जिन्याला हात लावू नका.’ अहो, एकोणसत्तर वर्षांचा माणूस! स्वतः वर येताना प्रत्येक मजल्यावर नक्षी बघायच्या निमित्ताने दम खायचा! लोक हसले. मी पण हसलो बहुतेक. आणि म्हणालो, भर सभेत म्हणालो, ‘दादा, तुला ना बायको ना पोर, तुला एक जिना आहे, म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याच्यावर मरायचं का?’

पंखा फिरत होता. दादाने माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाला, ‘याला काय कळणार? हा मीटर वाचणारा माणूस.’

संपलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. सहा पावलांवर दार, आणि पाच वर्षं एक शब्द नाही! तो वर येताना दिसला की मी खाली जायचं रद्द करायचो. मी दूध आणायला निघालो की त्याचं दार आतून लागायचं. बायको मधल्यामध्ये म्हणायची, ‘अहो, जाऊन बोला ना. मला चालता आलं असतं तर मीच गेले असते.’ सहा पावलं, तुम्हाला सांगतो, तीही तिला जड जायची. मला काय जड जात होतं? काही नाही. मला काही वाटायचंच नाही.

मग सातव्या वर्षी निकाल. मध्यममार्ग! ‘दर्शनी भाग जपण्यात यावा, अंतर्भागाचा पुनर्विकास करण्यास हरकत नाही.’ मी दोनदा वाचला. दर्शनी भाग म्हणजे रस्त्याकडची भिंत. नुसती भिंत. जिना? जिना अंतर्भाग! अहो, त्या भिंतीवर कोणाचंही प्रेम नव्हतं हो! चौदा बिऱ्हाडांत एक माणूस दाखवा ज्याने कधी मान वर करून ती भिंत बघितली असेल. तिच्यावरून सांडपाण्याचे पाइप गेले होते, पाइपांवर झाडं उगवली होती, झाडांवर कबुतरं. ती भिंत राहिली. आणि ज्याच्यासाठी दादा सात वर्षं लढला, माझ्याशी बोलायचा थांबला, तो जिना गेला. म्हणजे मी जिंकलो. बरोबर? लिफ्ट येणार, मी जिंकलो. पेढे आणावेत की काय असा विचार करत होतो, तर समोरच्या दारातून आवाज आला. खिळे ठोकल्याचा. दादा चित्रं लाकडी पेटीत बंद करत होता. मला... नाही, तेव्हाही काही वाटलं नाही. मी दार लावून घेतलं.

बायकोला खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेलं. वळणावर खुर्ची कठड्याला घासली तर ती म्हणाली, ‘हळू रे, ओरखडा जाईल, दादांना आवडायचं नाही.’ आणि आठ दिवसांत ते सगळं पाडायचं होतं!

ज्या दिवशी तोडायला सुरुवात झाली, त्या दिवशी मी बघायला गेलो. सहज. बायकोलाही रिक्षातून नेली, तिचा हट्ट. आणि समोरच्या फुटपाथवर बघतो तर दादा उभा. इस्त्रीचा शर्ट, हाताची घडी, वर्गात पेपरवर लक्ष ठेवल्यासारखा. तो फुटपाथच्या त्या टोकाला, मी या टोकाला, मध्ये रिक्षात बायको. दुपारपर्यंत बाजूची भिंत निघाली आणि आमचं स्वयंपाकघर उघडं पडलं. तिसऱ्या मजल्यावर, हवेत! निळा रंग, फळीच्या खुणा, आणि जिथे शेगडी होती तिथे हा एवढा तेलकट काळा डाग. सगळ्या रस्त्याला दिसतोय. बायकोने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय. तर म्हणते, ‘अगंबाई, तो डाग! लोक काय म्हणतील? मी सांगत होते तुम्हाला रंग देऊन घ्या!’ सहा वर्षं वर अडकून पडलेल्या बाईला त्या डागाची लाज वाटत होती. मी म्हटलं, ‘अगं, संध्याकाळपर्यंत जाईल तो.’ गेला पण. चारच्या सुमाराला. मग जिना. आवाज काही फार मोठा झाला नाही. मी त्या टोकाला बघितलं तर दादा गेलेला होता.

चार वर्षं भाड्याच्या घरात. आम्ही गावाच्या एका टोकाला, तो दुसऱ्या. मग टॉवर झाला. बावीस मजले, आणि त्याच्या पुढ्यात आमची जुनी भिंत, रंग लावून, दिवे सोडून, उभी. उंच माणसाने लहान मुलाचं लाळेरं लावल्यासारखी. चिठ्ठ्या टाकून घरं वाटली. मला पाचवा मजला. दादाला चौथा, बरोबर माझ्या खाली. गुळगुळीत साहेब म्हणाले, ‘काका, नशीब बघा, भावाभावांची घरं जवळ!’ मी म्हटलं, ‘हो ना.’

आता गंमत ऐका. जुने मजले चौदा फुटी. नवे साडेनऊ फुटी. आणि जुन्या भिंतीच्या खिडक्या जिथे होत्या तिथेच ठेवायच्या, इंचभर हलवायच्या नाहीत. मग काय होणार? जुन्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या मधोमध आमची स्लॅब आली! खिडकीची वरची कमान माझ्या घरात, जमिनीलगत, गुडघ्याएवढी. बाकीची खालची खिडकी दादाच्या घरात, छताला चिकटून. मला रस्ता बघायचा तर पालथं झोपावं लागतं. त्याला बघायचं तर स्टुलावर चढावं लागतं, तरी दिसतं आभाळच. बायको म्हणाली, ‘छान! आता केर काढताना तेवढा रस्ता बघायचा.’ पण ती खूश आहे हो. दिवसातून चार वेळा लिफ्टने खाली जाते. काम काही नसतं. जाते, कोथिंबीर आहे का विचारते, येते.

आणि अजून एक. जुन्या भिंतीवर भार द्यायचा नाही म्हणून नवी स्लॅब तिच्यापासून वीतभर अलीकडेच थांबवलीय. म्हणजे फट! आमच्या घरातून खाली दादाच्या घरात आरपार फट. बिल्डरने लाकडी पट्टी मारली होती, टकटक बाई आल्या, टकटक केली आणि काढायला लावली. जुन्या भिंतीत खिळा नको!

राहायला येऊन अकरावा दिवस. सकाळचे नऊ. बायकोच्या हातून गुडघ्याची गोळी निसटली. गडगडत गेली आणि सरळ फटीत. मी पालथा झोपून हात घालतोय, तर खालून आवाज.

‘कोणाची गोळी पडली?’

नऊ वर्षांनी, तुम्हाला सांगतो. नऊ वर्षांनी पहिलं वाक्य, आणि ते हे! मी तोंड फटीला लावून म्हटलं, ‘हिची.’

खाली स्टूल सरकल्याचा आवाज. मग जवळून, एकदम जवळून, ‘जेवणाआधीची की नंतरची?’

‘नंतरची.’

‘मग वेळ आहे. आणून देतो.’ थोडं थांबून म्हणाला, ‘नाहीतर मी कशाला, लिफ्टने तीच येऊ दे की. आता येता येतं ना तिला?’

‘येतं.’

‘गुडघे?’

‘लिफ्टला लागत नाहीत फारसे.’

त्याचा श्वास ऐकू येत होता. नुसत्या स्टुलावर चढला तरी दम लागतो त्याला. म्हणाला, ‘तिथून काय दिसतं रे तुला?’ मी म्हटलं, ‘रस्ता. रद्दीवाला चाललाय. दोन रिक्षा. एक पिवळी छत्री. तुला?’ ‘ढग,’ म्हणाला. ‘डावीकडून येतायत. चित्र काढावं असे काही नाहीत.’ आणि मी तिथेच पालथा, गाल फरशीला लावून... आणि मला... जाऊ द्या. फरशी गार होती, म्हणून असेल. बायको म्हणाली, ‘अहो, डोळ्यात काही गेलं का?’ मी म्हटलं, ‘सिमेंट. नवी बिल्डिंग आहे, उडतं.’

आता रोज नऊला असतं आमचं. मी आडवा, तो स्टुलावर. तो विचारतो, मी वाचून दाखवतो. समोरासमोर भेटलो लिफ्टमध्ये तर अजून एकमेकांकडे बघत नाही, कसंतरीच होतं. फटीतून बरं पडतं.

आणि गेल्या आठवड्यात पत्र आलं. अग्निशमन खात्याचं. फट तातडीने बुजवा, आग वर चढेल. पाठोपाठ वारसा समितीचं. भिंतीला सिमेंट लावाल तर कारवाई. दादाने फटीतून विचारलं, ‘आता रे?’ मी म्हटलं, ‘दादा, चौतीस वर्षं नोकरी केलीय मी. दोन खात्यांचा पत्रव्यवहार सुरू झालाय. फाइल इकडून तिकडे, तिकडून इकडे, मग संयुक्त पाहणी, मग साहेबांची बदली... किमान बारा वर्षं.’ तो अठ्ठ्याहत्तर, मी एकाहत्तर. खाली तो बोटांवर मोजत असावा. मग म्हणाला,

‘पुरे झाली.’