बिनआवाजाचा सिनेमा

गुरुनाथ: तू बस तर खरी. पहिली दहा मिनिटं बघ. नाही हसलीस तर आजचा स्वयंपाक माझ्याकडे.

नीरजा: बाबा, आजचा तसाही तुमच्याकडेच आहे. पिठलं-भाकरी करतो म्हणून सकाळीच कबूल झालायत.

गुरुनाथ: मग उद्याचाही. तू मला तुझी ती पूलवाल्या बाईची मालिका बघा म्हणालीस, मी बघितली की नाही?

नीरजा: बघितलीत. मी एक भाग सांगितला होता, तुम्ही आठवड्यात तिन्ही सीझन संपवलेत.

गुरुनाथ: पस्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात धरणाचे दरवाजे सांभाळले मी. आणि ही बाई तुमच्या नेदरलँडमधल्या ग्रोनिंगनच्या कालव्यावर बसून बोट आली की पूल वर करते, गेली की खाली करते, आणि मधल्या वेळात गावातली भांडणं मिटवते. आवडणारच. आमच्या खात्यात मधल्या वेळात भांडणं लावायचे. पण आता माझी पाळी. अकरा वर्षं झाली तुला आमच्या घरात येऊन, आणि तू अजून ‘वरात मुक्कामाला’ पाहिला नाहीस, हे काही बरं दिसत नाही.

नीरजा: श्रीहर्षनं इतक्यांदा ऐकवलाय की पाहिल्यातच जमा. बँडवाले चुकीच्या लग्नात जातात आणि तीन दिवस तिथेच जेवतात.

गुरुनाथ: एका वाक्यात उरकलंस. अगं, चाळीस वेळा तरी पाहिला असेल मी. पहिल्यांदा नंदाबरोबर, सांगलीला, थेटरात. तुझ्या सासूबाईंना हसून हसून उचकी लागली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं पाण्याची बाटली मागे दिली.

नीरजा: बरं, लावा. अवनीचं पोहणं आटपून ते दोघं बापलेक साडेचारपर्यंत येतील, तोवर बघू. मी फक्त वर मशीनमधले कपडे वाळत टाकून आले.

गुरुनाथ: मी सुरू करतो. सुरुवातीला नुसती नावंच आहेत.

नीरजा: करा, करा.

गुरुनाथ: नीरजा, लवकर ये गं. बँडमास्तर एसटीतून उतरला. आता ट्रंपेट खिडकीत अडकणार बघ. अडकला. गेलं, तुझं चुकलं.

नीरजा: आलेच.

गुरुनाथ: आता पंगत. मुलीचा मामा विचारतो, ‘आपण कुणाकडचे?’ आणि हा म्हणतो, ‘भाताच्या बाजूचे.’ नंदाची उचकी इथलीच. ये ना.

नीरजा: आले, बाबा. आवाज का बंद केलात?

गुरुनाथ: हं? वाढवू का?

नीरजा: वाढवायला मुळात आवाज नाहीये.

गुरुनाथ: थोडा कमी आहे. शेजारच्यांना त्रास नको म्हणून मीच.

नीरजा: बाबा, टीव्ही अवनीच्या हेडफोनला जोडलेला राहिलाय. तिच्या खोलीत पलंगावर बँड वाजतोय. मी आत्ता ऐकून आले. इथे काहीच ऐकू येत नाहीये.

(गुरुनाथ रिमोट उचलतात आणि टीव्ही बंद करतात.)

नीरजा: कधीपासून?

गुरुनाथ: भाकरीचं पीठ संपत आलंय का गं? बघून ठेवायला हवं.

नीरजा: बाबा, माझ्याकडे बघा. कधीपासून ऐकू येत नाहीये?

गुरुनाथ: येतं. तू अशी समोर असलीस की येतं. घर शांत असलं की येतं. श्रीहर्षचा आवाज जाड आहे, तो पोहोचतो. टेबलाशी चौघं बोलायला लागले की मग नुसता गलका होतो.

नीरजा: कधीपासून?

गुरुनाथ: तीन वर्षं झाली असतील. नंदा होती तेव्हा जाणवायचं नाही. कुणी काही म्हटलं की ती सहज बोलल्यासारखं तेच परत बोलायची. ‘काय हो, जोशी म्हणतायत तसं दर रविवारी जायचं का?’ असं. मला वाटायचं, हिला सवयच आहे. ती गेली आणि मग कळलं.

नीरजा: आम्हाला का नाही सांगितलंत?

गुरुनाथ: सांगितलं असतं तर श्रीहर्षनं मला पुण्यात एकटं राहू दिलं असतं? आधी स्कूटर काढून घेतली असती. मग म्हणाला असता, गॅसचा आवाज येत नाही, कुकरची शिट्टी कळत नाही, चला इकडे आल्मेरेला. मला इथे यायला आवडतं. पण आणून ठेवलेलं आवडणार नाही.

नीरजा: आणि या दीड महिन्यात इथे?

गुरुनाथ: दोनदा ‘काय?’ म्हटलं की तिसऱ्यांदा माणूस ‘जाऊ दे’ म्हणतो. कुणाची चूक नाही. मग आपणच मान हलवायला शिकतो. तुझ्या त्या मालिकेत खाली सगळं इंग्रजीत लिहून येतं. कुणी भांडलं, कुणी दार आपटलं, तेही येतं. किती दिवसांनी मला एखादी गोष्ट आख्खी कळली.

नीरजा: आणि सिनेमा?

गुरुनाथ: तो पाठच आहे. कान लागतच नाहीत. खरं सांगू? त्यात एक बहिरे काका आहेत. कुणी ‘मुहूर्त’ म्हटलं की ते ‘मूर्ख कोण’ म्हणून अंगावर जातात. एवढी वर्षं पोट धरून हसलो मी त्यांना. आता ते आले की पाणी प्यायला उठतो.

नीरजा: बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी गेले दोन दिवस तुमच्यावर रागावले होते.

गुरुनाथ: ते दिसलं मला. कान गेले तरी डोळे आहेत. म्हटलं, ऑफिसचं काही असेल.

नीरजा: गुरुवारी अवनीचं शाळेत भाषण होतं. वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलायचं असतं इथे. तिनं विषय घेतला होता, माझे आजोबा आणि त्यांचं धरण. बुधवारी ती तुमच्याजवळ आली, उद्या अकरा वाजता याल का म्हणून विचारलं. तुम्ही ‘हो हो, वा’ म्हणालात.

गुरुनाथ: बुधवारी? ती दात घासत बोलत होती.

नीरजा: हो.

गुरुनाथ: मला वाटलं, नवीन ब्रश दाखवतेय.

नीरजा: तिनं बाईंना सांगून तुमच्यासाठी खुर्ची ठेवून घेतली होती. तुम्ही तळ्यावर फिरायला गेलात. मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होते. बाईंचा नंतर मेसेज आला, की अवनीनं थोडा वेळ थांबू या म्हटलं, मग बोलली, आणि छान बोलली. घरी आल्यावर मला म्हणाली, आजोबांना माझ्यात इंटरेस्ट नाही. ते फक्त हो म्हणतात.

गुरुनाथ: असं म्हणाली?

नीरजा: डचमध्ये म्हणाली. मराठीत सांगताना मीच थोडं मऊ केलंय.

गुरुनाथ: म्हणून दोन दिवस माझ्याजवळ येत नाहीये. मला वाटलं, मोठी व्हायला लागली.

नीरजा: आठ वर्षांची आहे, बाबा.

गुरुनाथ: मी धरणावर होतो तेव्हा श्रीहर्षच्या एकाही गॅदरिंगला गेलो नाही. पावसाळ्यात रजा मिळायची नाही, इतर वेळी मी मागायचो नाही. इथे मला काही कामच नव्हतं. पाच मिनिटांवर शाळा.

नीरजा: मी आधी विचारायला हवं होतं. मनात धरून बसले.

गुरुनाथ: तू कशाला? मी पत्ताच लागू दिला नाही. चांगलं जमायला लागलं होतं मला. आता काय करायचं म्हणतेस?

नीरजा: स्टेशनजवळ चष्म्याचं दुकान आहे, तिथे कानही तपासतात. मंगळवारी मी घरूनच काम करते. आपण जाऊ. कानाचं मशीन इथे घ्यायचं की पुण्यात, ते नंतर बघू. श्रीहर्षला मी सांगू का?

गुरुनाथ: नको. मी सांगतो. स्कूटरचं भांडण माझं मलाच करू दे. पण आधी अवनी. साडेचार झाले का?

नीरजा: सायकली लावतायत बाहेर. बोलावू तिला?

गुरुनाथ: बोलाव. आणि तो वरचा दिवा लाव, तिचं तोंड नीट दिसू दे.

नीरजा: अवनी, टॉवेल राहू दे, आधी इकडे ये. आजोबांना तुझ्याशी बोलायचंय.

अवनी: मी टायर्ड आहे.

नीरजा: दोन मिनिटं. त्यांच्यासमोर बस. केस मागे घे.

गुरुनाथ: अवनी, गुरुवारी मी शाळेत आलो नाही.

अवनी: इट्स ओके.

गुरुनाथ: ओके नाहीये. तू विचारलंस ते मला ऐकूच आलं नव्हतं. माझे कान बिघडलेत. आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी खोटं हो म्हणत होतो. तुलाही म्हटलं. चुकलं माझं.

अवनी: सगळ्या वेळी खोटं?

गुरुनाथ: पुष्कळदा.

अवनी: माझ्या हॅमस्टरच्या गोष्टीला पण? तुम्ही हसला होता.

गुरुनाथ: तू हसलीस म्हणून हसलो.

अवनी: आजोबा, त्यात हॅमस्टर मेला होता. मी हसत नव्हते.

गुरुनाथ: अरेरे.

अवनी: इन माय क्लास, यूसुफला पण कानात मशीन आहे. ब्लू. आम्ही त्याच्याशी बोलताना समोर जातो. तुम्ही का नाही सांगितलं?

गुरुनाथ: लाज वाटली.

अवनी: यूसुफला नाही वाटत.

गुरुनाथ: तो माझ्यापेक्षा शहाणा आहे. तुझं भाषण परत करशील? मला एकट्याला? खुर्ची मीच आणतो.

अवनी: ते डचमध्ये आहे.

गुरुनाथ: मराठीत कर. येईल तसं.

अवनी: ओके. माझे आजोबा इंजिनियर होते. ते पाणी थांबवायचे. नेदरलँडमध्ये पण पाणी थांबवतात, पण इथे पाणी समुद्राचं आहे आणि आजोबांचं पाणी आकाशातलं. पाऊस खूप आला की आजोबा गेट उघडायचे, पण आधी ते खालच्या गावांना फोन करायचे, की लोकांनी गाई बाजूला घ्या. आणि मग...

नीरजा: थांबलीस का?

अवनी: पुढचं मराठीत कठीण आहे. मी फास्ट म्हणते. आजोबांनीएकदारात्रभर गाईंसाठीगेट...

गुरुनाथ: नाही कळलं, अवनी. परत सांग.