मोहाची तारीख

काम लांबलं म्हनून तोंड पाडून काऊन बसली बाई? माह्या वक्ताचं आयक. एटापल्लीकडं नवा रस्ता होऊन राह्यला होता. मजुरायच्या सैपाकाचा ठेका मी घेतला. ठेकेदार म्हने, "सोमवारी चूल पेटवा." म्हनून मी माहे मोहाचे झाडं जावेले देऊन टाकले, तिनं खालचा पालाबी झाडला. आमच्याकडं झाडाखालची जागा जिनं झाडली, त्या साली फुलं तिचे.

सोमवारी एकबी मजूर नाई.

"बाई, तारीख पुढी गेली," ठेकेदार म्हने. "पन दुसरं काम धरू नका."

"कवापर्यंत?"

"साहेब सांगन."

मी थंड्या चुलीपाशी बसून, आन जाऊ माह्याच झाडाखाली टोपले भरून राह्यली. मंग काय, तिच्याचकडं मी मजुरीनं मोह येचाले लागली.

मोहाच्या भर हंगामात ठेकेदार धावत आला. "चला बाई, मजूर आले, उपाशी हायत."

"मालकिनीले विचारा," मी म्हनलं.

जावेनं मानबी वर केली नाई. "तारीख पुढी गेली, भाऊ. साहेब सांगन."

"कोनते साहेब?"

तिनं मोहाच्या झाडाकडं बोट दाखवलं. "फुलं सरले म्हंजे सांगन."

त्या साली ठेकेदार भात रांधाले शिकला.