माघारीचा अर्ज

— नाही नाही, बस तू, उठू नकोस. बाकीचे गेले म्हणून काय झालं, लॅब अजून उघडीच आहे आणि लॅबचा सरही अजून जिवंत आहे. पंखा लावू? नको? बरं. तो कागद मात्र असा कोपऱ्यात ढकलू नकोस — आणि बाटलीला झाकण लाव आधी, त्याच्यावर सांडलं तर नवा आणायला परत ऑफिसात जावं लागेल. हां. तर मी काय सांगत होतो, माघार म्हणजे हार नव्हे. हे आधी डोक्यात पक्कं बसव. परीक्षा सोमवारी. आज हा अर्ज गेला, तर तुझ्या निकालावर ‘नापास’ हा शब्द येतच नाही. प्रोग्रॅमिंगच्या पुढे नुसती एक आडवी रेघ. बघणाऱ्याला वाटेल, आजारी असेल पोरगी, काहीतरी अडचण असेल घरी. झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं? पण हे आज. आज पाच वाजता ऑफिसची खिडकी बंद झाली की मग सोमवारी बसायचंच, आणि पडलीस तर पडलीस, मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही.

परीक्षा द्यायचीये म्हणतेस. दे ना बाई, मी कोण अडवणारा? पण परीक्षा कशी असते माहितीये ना तुला — नाही, तशी माहिती सगळ्यांनाच आहे, तरी सांगतो. सत्रभर ज्याने त्याने आपला एक प्रोग्रॅम लिहायचा. तुझा तो लाँड्रीचा — वडिलांच्या दुकानातला — बिल्ल्याचा नंबर टाकला की गठ्ठा कुठल्या फळीवर आहे ते सांगणारा. छान आहे. खरंच छान आहे, उगाच म्हणत नाही. कुणी क्रिकेटचे धावफलक करून आणतं, कुणी इंटरनेटवरून उचलून आणतं, तुझा निदान तुझ्या घरातला आहे. तर परीक्षेच्या दिवशी तो प्रोग्रॅम मी उघडतो, त्यातली एक ओळ काढून टाकतो, आणि तुला समोर बसवतो. शोध. काय गेलंय ते सांग आणि परत लिही. पाठांतर चालत नाही, शेजाऱ्याचं बघून चालत नाही, कारण शेजाऱ्याची ओळ वेगळी आणि तुझी वेगळी. पोरं त्याला पाकीटमारी म्हणतात — माझ्या मागे म्हणतात, मला काय कळत नाही? ‘सरांनी आज कुणाचं पाकीट मारलं?’ म्हणोत. सगळ्या विद्यापीठात अशी परीक्षा घेणारा मी एकटा. ही पद्धत माझी आहे. पुस्तकात नाही सापडणार तुला.

आणि तुझं काय झालंय, सांगू का स्पष्ट? तू मधले आठवडे नव्हतीस. आईचं ऑपरेशन, दुकानात काउंटरवर बसायला कुणी नाही, सगळं मान्य. मी हजेरीत बोललो का काही? नाही बोललो. पण नेमकं त्याच आठवड्यांत लूप झालं, एकच काम यंत्राकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं ते. आणि लूप म्हणजे या विषयाचा कणाच की गं! कणा नसलेल्या माणसाला उभं कर म्हटलं तर तो कसा राहील? तू हळू टाइप करतेस. एका बोटाने. प्रश्न विचारतेस तेही — पहिल्याच दिवशी विचारलंस आठवतंय? ‘सर, कॉम्प्युटर चुकला तर कुणाला सांगायचं?’ अख्खा वर्ग हसला होता. मी नव्हतो हसलो. हसलो असेन थोडा. असो.

काय? आत्ता? आत्ता ओळ काढून दाखवू? अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला — बरं. बरं बरं. सरक जरा. तिकडे बघ, खिडकीकडे. स्क्रीनच्या काचेत बघू नकोस, दिसतं त्यात... झालं. घे. आता चालवून बघ. घाई नाही, परीक्षेत अर्धा तास असतो.

तू कर तुझं, मी बोलत राहतो. गप्प बसलो की या खोलीत नुसती त्या जुन्या यंत्रांची घरघर ऐकू येते, डोकं उठतं. काल त्या उंच पोराला बोलावलं होतं मी, तो मागच्या रांगेतला, सतत जांभया देणारा. तिथेच बसला होता, तुझ्या खुर्चीवर. सही करून गेला मुकाट. हसत गेला अगदी, ‘सुटलो सर’ म्हणाला. त्याच्या आधी त्या दोघी मैत्रिणी. एकीने केली म्हणून दुसरीने केली. कुणालाच जबरदस्ती नाही हं माझी. मी फक्त सांगतो, की बाबा रे, आगीतून फुफाट्यात कशाला — काय गं? सापडलं? इतक्यात? दाखव.

हं. पुढच्या गठ्ठ्याकडे नेणारी ओळ. यंत्र तोच एक बिल्ला परत परत तपासत बसलं होतं, बरोबर. बरोबर आहे. तसं हे सोपं होतं म्हणा. स्क्रीनवर एकच नंबर धो धो छापला जायला लागला, तर कुणालाही कळेल. तू त्या मधल्या आठवड्यांतलं लूप शिकलीस कधी पण? काउंटरवर बसून? गिऱ्हाईक नसताना? बरं. नाही, चांगलंच आहे. पण याच्यावर जाऊ नकोस हं. एकदा बाण लागला म्हणून कुणी तिरंदाज होत नाही. परीक्षेत मी असलं सोपं थोडंच काढणार आहे.

नाही, परत नको आता. वेळ बघ. त्या अर्जाचं आधी — हो, नाव मीच लिहिलंय. तुझं नाव, हजेरी क्रमांक, विषय, सगळं मीच भरून ठेवलंय, तुझा वेळ वाचावा म्हणून. कारणही लिहिलंय, ‘तयारी अपुरी’. सगळ्यांच्याच अर्जावर तेच लिहिलंय, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तारीख? कालची आहे का? अरे हो. मी काल एकदमच सगळे... म्हणजे हाताशी होते तेव्हा भरून टाकले. आज तुझं काय होतंय ते बघून मग द्यायचा की नाही ते ठरवणारच होतो मी. अशी बघतेस काय माझ्याकडे? तुझ्या भल्याचंच सांगतोय.

वडील. हो, वडिलांचं सांगितलं होतंस तू मला, विसरलो नाही. एकच वर्ष देतो म्हणालेत. वर्षात सगळे विषय सुटले तर पुढे शीक, नाहीतर काउंटर तुझी वाट बघतोय. पण ते सगळेच बाप बोलतात गं! माझा नव्हता का बोलत? रागाच्या भरात बोलतात, मग नरम पडतात. मी येतो दुकानात, बोलतो त्यांच्याशी. सांगतो की मुलगी हुशार आहे, यंदा जरा गाडी चुकली, पुढच्या वर्षी मी जातीने लक्ष घालतो. पुढच्या वर्षी मीच असेन ना शिकवायला. तसं त्या उंच पोराच्या आईलाही भेटायचं कबूल केलंय. आणि त्या दोघी मैत्रिणींपैकी एकीच्या काकांना. जायचंय. गेलो नाही अजून कुणाकडे, इथून पाय निघत नाही, पण जाईन.

‘असेन ना’ म्हणजे? असेनच. का नसेन? तू कुणाकडून काही ऐकलंयस का? कोण म्हणालं, तो ऑफिसातला शिपाई? त्याला काय कळतंय. अजून काही ठरलेलं नाही. हेडमॅडम नुसतं म्हणाल्या — बाई वाईट नाहीत हो, पण त्यांनाही वरून दट्ट्या — की या विषयाचा निकाल यंदाही असाच लागला, तर माणूस नेमायचा कशाला, व्हिडिओ लावू. तयार मिळतात. टाय लावलेला एक माणूस असतो, मागे निळा पडदा, समोर कोण बसलंय त्याला ठाऊक नाही, कुणाला लूप कळलं, कुणाला झोप लागली, ठाऊक नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या! प्रश्न असेल तर खालच्या चौकटीत लिहा. तू विचारला असतास तुझा तो पहिल्या दिवशीचा प्रश्न त्या चौकटीत? आणि सोमवारी जी परीक्षा घेतो ना मी, ती व्हिडिओला घेता येईल का? चार पर्याय देतील आणि म्हणतील, गोल काळा करा.

दर सत्राच्या शेवटी मला नेमणुकीची नवी ऑर्डर मिळते. मिळत आलीये. केस काळे होते तेव्हापासून मिळत आलीये. ती येईपर्यंत बायको विचारत नाही, मी सांगत नाही, दोघंही आपले भाजीच्या भावावर बोलत राहतो. मागचं सत्र वाईट गेलं. परीक्षेला बसले त्यातले निम्मे पडले. निम्मे! मीच कडक काढल्या होत्या ओळी. म्हटलं, शिकवतोय तर नीट शिकवावं. तर मॅडमनी तो कागद समोर ठेवला आणि म्हणाल्या, सर, तुमच्याकडे पोरं पडतात फार. त्यांच्या हिशेबात कोण धरतात माहितीये? परीक्षेला बसलेले. जो बसलाच नाही त्याला मुळी मोजतच नाहीत, तो ना पास ना नापास, तो... तर ते असो. तो नियम आहे, मी नाही केला.

काय? नाही नाही. म्हणून तुला सांगतोय असं नाही. म्हणजे — आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुझ्यासाठी पण आहे आणि माझ्यासाठी पण आहे. दोघांचं भलं होत असेल तर त्यात पाप आहे का? यादीत तू शेवटची राहिलीस. ज्यांचं नक्की नाही असे सगळे सह्या करून गेले, उरले ते पास होणारच. फक्त तू. तुझं धड इकडे नाही, धड तिकडे नाही. आणि सोमवारी तुला आलं नाही तर मी काय करू? सोपी ओळ काढू? ते मी करणार नाही. एवढं एक तरी माझ्याकडे राहू दे.

रडतेस की काय? नाही ना. मग परत स्क्रीनकडे काय बघत बसलीस? अजून एकदा म्हणतेस. हट्टी आहेस हं. बरं, शेवटचं. बघ तिकडे... नीट मान वळव... घे.

चालव. बघ, चाललं की! एरर नाही, काही नाही, यादी शहाण्यासारखी छापली. मग काय गेलं? शोध. वीस ओळीही नाहीत त्या भागात. मोज बोटांनी, मोज. ओळी सगळ्या आहेत? असतील. असतीलच, कारण मी ओळ काढलेलीच नाही. नुसतं एक चिन्ह काढलंय. परीक्षेत तसं करत नाही मी, ओळ म्हणजे ओळ, पण तुला कळावं म्हणून, की नेहमी चूक आरडाओरडा करत येत नाही. कधी कधी सगळं सुरळीत दिसतं आणि आतून... राहू दे, नाही सापडायचं ते. मलाही सापडलं नसतं तुझ्या वयात. चांगल्या चांगल्यांच्या तोंडचं पाणी पळतं त्याने. पेन आहे का तुझ्याकडे? हे घे माझं. खाली, उजवीकडे, फुली केलीये बघ तिथे.

थांब, काय करतेस? वहीत काय लिहितेस? फळीवरचे बिल्ले? एक, दोन... यादीशी पडताळतेस होय. हाताने. अगं असं हाताने पडताळत बसलीस तर परीक्षेत —

हो.

हो, शेवटचा गठ्ठा सुटतोय. यादीत शेवटचं गिऱ्हाईक येत नाही. मग? मग कुठे ते? ... हं. तिथेच. ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा तितकंच’. ते बरोबरचं चिन्ह काढलं होतं मी. घाल परत. चालव. आला शेवटचा? आला.

आला ना. दिसतंय मला. हसू नकोस.

थांब, घड्याळ बघू दे. किती वाजले? पाचला वीस कमी. खिडकीवरचा तो माणूस आधीच शटर ओढतो. ऐक. आत्ता आपण दोघंच आहोत, शांतता आहे, मी तुझ्याशी गोड बोलतोय. सोमवारी भिंतीला टेकून मॅडम उभ्या असतील. शेजारची पोरं खाडखाड टाइप करत असतील. तुझं ते एक बोट भलत्याच बटणावर पडेल. कळत असतं गं सगळ्यांनाच, ऐन वेळी हात चालत नाही! मी पाहिलीयेत पोरं, इथे एकेक ओळ पटापट सांगणारी आणि परीक्षेत दगड झालेली. दर वर्षी असतं एखादं.

काय म्हणालीस? परत बोल.

असं कसं सांगू मी? परीक्षेआधी कुठला सर सांगतो? — नाही, तू मला विचारतेयस म्हणून नाही टाळत. विश्वास आहे म्हणतेस. ‘तुम्ही म्हणाल तसं करते सर.’ असं नको ना म्हणूस. आपलं आपण ठरवावं माणसाने, मोठी झालीस. बरं, विचारलंयस तर... इकडे बघू नकोस, स्क्रीनकडे बघ. पास होशील का तू सोमवारी.

नाही. मला नाही वाटत.

हो. अगदी खरं सांगतोय.

...इथे. फुलीवर. पूर्ण नाव लिही, नुसती आद्याक्षरं ऑफिसात चालत नाहीत. हां. तारीख राहू दे तशीच. दे इकडे, मी नेऊन देतो, तुझी बस चुकेल. वडिलांना सांग — नको, तू काही सांगू नकोस, मी येणारच आहे. नाही, आज नाही, आज कसं जमेल? बघतो. पेन ठेव तिथेच. प्रोग्रॅम सेव्ह करायचा? कशाला आता. हात काढ त्या कीबोर्डवरून, यंत्र मी बंद करतो. बाटली घे तुझी. जा. अगं जा ना, उभी काय राहिलीस!