राहिलेला धडा

तेजश्री : नाही काका, हे तुमच्या दस्तखतीनं होत नाही. मला काकूंना विचारायचंय.

दत्तात्रय : विचार ना. मी सांगतो.

तेजश्री : त्यांना विचारायचंय.

दत्तात्रय : बीपी आहे, शुगर नाही. गोळी सकाळी घेतली. दोन्ही बाळंतपणं सुखरूप झाली, काही त्रास नाही. आणखी काय?

सरोजबाई : त्यांचं झालं की मला सांग गं. मी इथंच आहे, पलंगावर.

तेजश्री : सॉरी काकू. मी तेजश्री, इथं इंटर्न आहे. उद्या तुमचं गर्भाशय काढायचंय, त्याबद्दल एक विचारायचं होतं.

दत्तात्रय : हळू बोल. पलीकडच्या पलंगावर लोक आहेत.

सरोजबाई : पलीकडच्या बाईचंही तेच काढायचंय. कालपासून आम्ही तेच बोलतोय.

दत्तात्रय : बरं, मामला काय आहे?

तेजश्री : उद्या काकूंना पाठीत इंजेक्शन देतील. कमरेखालचं बधिर होईल, वरून झोपेचं औषध. मग ऑपरेशन सुरू व्हायच्या आधी शेवटच्या वर्षाचे स्टुडंट येतील आणि एकेक जण आतून हातानं तपासेल. शिकायला.

दत्तात्रय : आतून म्हणजे?

सरोजबाई : आतून म्हणजे आतून. पुढं बोल.

तेजश्री : त्याला तुमची परवानगी आहे का, असं विचारायला आले.

दत्तात्रय : मोठ्या डॉक्टर मॅडमनी पाठवलं?

तेजश्री : नाही. मॅडमना माहीतच नाही. इथं कुणी विचारत नाही काका. टीचिंग हॉस्पिटल आहे, भरती होताना सही झाली म्हणजे सगळं आलं, असं म्हणतात.

सरोजबाई : सही कुणी केली?

दत्तात्रय : मी केली. पती म्हणून जागा होती तिथं.

सरोजबाई : वाचलंत?

दत्तात्रय : तेलुगूत होतं. मी बोलतो, वाचत नाही.

सरोजबाई : जन्मभर कोर्टात पक्षकारांना सांगत आलात, वाचल्याशिवाय सही करू नका.

दत्तात्रय : ते पक्षकार होते.

सरोजबाई : तू का विचारतेस मग, बाकीचे विचारत नाहीत तर?

तेजश्री : गेल्या आठवड्यात एक अम्मा होत्या, कुकटपल्लीच्या. शुद्धीवर आल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, तू चांगली आहेस बिड्डा, लेकरा, तू जवळ होतीस म्हणून भीती नाही वाटली. मी होते, खरंय. पण आतून तपासणारे बाकीचे सगळे पण होते ना. ते त्यांना माहीत नाही.

सरोजबाई : सांगितलंस?

तेजश्री : मॅडम म्हणाल्या, उगीच परेशान करू नक्को पेशंटला.

सरोजबाई : आणि आज मला विचारलंस हे कळलं तर?

तेजश्री : माझी इथली पोस्टिंग पुरी झाली, यावर मॅडमचीच सही लागते. नाही दिली तर सगळी पुन्हा करावी लागेल. करीन.

दत्तात्रय : सरळ नाही म्हणून टाक सरोज. बेहोश माणसाची इजाजत गृहीत धरता येत नाही, कायदा साफ आहे.

सरोजबाई : काल सही करताना तो कायदा कुठं होता?

तेजश्री : काकू, नाही म्हटलं तरी चालेल. ऑपरेशनवर काही परिणाम नाही, ते मी बघते. अजून एक सांगायचं होतं. माझी आई तुमची शाळेतली स्टुडंट आहे. शिल्पा. आता दिलसुखनगरला असते. तुमच्या फाईलवर नाव बघितलं आणि तिला फोन केला.

सरोजबाई : शिल्पा. दुसऱ्या बाकावर बसायची. फार प्रश्न विचारायची.

तेजश्री : हौ, आता पण विचारते. ती म्हणाली, बाईंनी बेडूक असा शिकवला की आज पण आठवतो. फक्त प्रजननाचा धडा राहिला.

सरोजबाई : राहिला नाही. घरी वाचून या म्हटलं होतं.

तेजश्री : आजोबांनी आईच्या पुस्तकातली ती पानं स्टेपल केली होती.

सरोजबाई : परीक्षेला तो ऑप्शनला असायचा.

तेजश्री : पुढं मी आईला विचारलं, तर ती पण म्हणाली, घरी वाच.

सरोजबाई : वाचलास?

तेजश्री : नाही ना. म्हणून मेडिकलला आले.

दत्तात्रय : हे विषयांतर झालं. मुद्द्यावर या.

सरोजबाई : मुद्द्यावरच आहे. मला सांग, माझ्यात शिकण्यासारखं काय आहे?

तेजश्री : तुमचं अंग बाहेर येतं ना बाई, ते. गर्भाशयाला खालून आधार देणारे स्नायू सैल झाले की ते खाली सरकतं. किती सरकतं, पुढची भिंत येते की मागची, हे हातानं समजावं लागतं. पुस्तकात चित्र आहे, पण चित्रात जोर नसतो.

सरोजबाई : जोर म्हणजे?

तेजश्री : पेशंटला खोकायला सांगतात. खोकलं की ते खाली येतं. तेव्हाच खरं कळतं.

सरोजबाई : आणि झोपेत मी खोकणार कशी?

तेजश्री : झोपेत... नाही खोकता येणार.

सरोजबाई : बधिर केल्यावर जोर करता येईल?

तेजश्री : नाही.

सरोजबाई : मग ती पोरं शिकणार काय? माझा मेलेला बेडूक करून?

दत्तात्रय : सरोज!

सरोजबाई : बेडकालाही आधी क्लोरोफॉर्म द्यायचो, पण त्याला खोकायचं नव्हतं. ऐक मुली. झोपेत नको. उद्या सकाळी, मी जागी असताना येऊ दे. मी खोकीन.

दत्तात्रय : परक्या पोरांसमोर? त्यात मुलगे असतील!

सरोजबाई : मी झोपले की ते घरचे होतात का?

तेजश्री : मुलगे आहेत बाई. मुलींपेक्षा जास्तच.

सरोजबाई : असू देत. एका वेळी एक. आत आल्यावर आधी आपलं नाव सांगायचं, मग मला विचारायचं, मग हात लावायचा. मी थांब म्हटलं की थांबायचं. तुझ्या मॅडमना सांग, पेशंट खट आहे, तिची अट आहे. तू विचारलंस हे सांगायची गरज नाही.

तेजश्री : सांगावं लागेल बाई. लपवलं तर पुन्हा तेच झालं ना.

सरोजबाई : शिल्पाची शोभतेस. जा, लाव फोन.

(तेजश्री फोन घेऊन वॉर्डाबाहेर जाते.)

दत्तात्रय : सरोज, हा त्रास कधीपासून म्हणालीस? गेल्या दिवाळीपासून ना?

सरोजबाई : दिवाळीत तुम्हाला सांगितला. आहे आपल्या युवराजच्या लग्नापासून.

दत्तात्रय : युवराजची पोरगी शाळेत जाते!

सरोजबाई : हो. दुसरीत आहे.

दत्तात्रय : आणि बोलली नाहीस?

सरोजबाई : काय बोलायचं होतं? मला बेडकाचे सगळे शब्द येत होते. हा येत नव्हता. तुम्ही जेवताना पेपर वाचत होता. त्यात कुठं म्हणू, अहो, माझं काहीतरी खाली येतंय.

दत्तात्रय : युवराजच्या लग्नात तू पंगत वाढलीस. बरकतपुऱ्याच्या हॉलमध्ये. दिवसभर.

सरोजबाई : हो.

दत्तात्रय : उभ्यानं.

सरोजबाई : पंगत बसून कोण वाढतं?

दत्तात्रय : मी तुला मठ्ठा पुन्हा फिरव म्हणालो होतो.

सरोजबाई : फिरवला की.

तेजश्री : आले बाई. बोलले मॅडमशी.

सरोजबाई : काय म्हणाल्या?

तेजश्री : आधी मला खूप बोलल्या. इंटर्ननं पेशंटच्या डोक्यात नाही ते भरू नये, म्हणे. पोस्टिंगचं नंतर बघू म्हणाल्या. मग विचारलं, खोकीन असं पेशंट स्वतः म्हणाली? मी म्हटलं, हौ. तर म्हणाल्या, सकाळी राऊंडच्या आधी पडदा लावून घे, मी पण येते.

दत्तात्रय : मी बाहेर बाकावर बसतो तेव्हा.

सरोजबाई : तुम्ही माझ्या डोक्याशी बसा. पेपर न घेता.

दत्तात्रय : बरं.

तेजश्री : पण बाई, ग्रुपमधले दोघं येत नाही म्हणाले. त्यांना विचारलं मी.

सरोजबाई : का?

तेजश्री : म्हणाले, झोपेत असली तर ठीक होतं. पेशंट जागी असली तर त्यांना लाज वाटते.

दत्तात्रय : मग राहू दे त्यांना. घरी वाचतील.

सरोजबाई : नाही. घरी कुणी वाचत नाही. त्या दोघांना आधी आत पाठव.