मास्तरांची धाबळी

आमच्या काकूचं सोवळं म्हणजे काय सांगू! वाटेत कुणाची सावली पडली तरी परत गंगेत बुडी.

इंग्रजांच्या अमदानीतली गोष्ट. गंगेवरच्या पंचगंगा घाटावर स्नान करून परतताना ती घसरली आणि पाय मुरगळला. मदतीला धावले कोण, तर शेजारचे सॅम्युएल मास्तर. मराठीच, पण ख्रिस्ती झालेले.

"शिवू नकोस रे मेल्या!"

"नाही शिवत, काकू." मास्तर घरी पळाले आणि लोकरीची धाबळी घेऊन आले. "लोकरीला विटाळ नसतो ना?"

तिला धाबळीत गुंडाळून, पाठीवर घेऊन ते पायऱ्या चढू लागले.

काकू पाठीवरून म्हणाली, "मला बाटवायला बघतोस होय?"

"येशूनं उचलायला सांगितलंय काकू, बाटवायला नाही."

धाबळी काकूकडेच राहिली. महिन्याभरानं मास्तर तापानं फणफणले. एकटा जीव. काकू तीच धाबळी पांघरून, पेज घेऊन त्यांच्या घरात शिरली. मी मागे होतोच. तिनं धाबळीतून हात बाहेर काढला आणि सरळ त्यांच्या कपाळावर ठेवला.

मास्तर दचकले. "काकू, तुमचं सोवळं!"

"गप्प पड. ताप कधी धाबळीतून कळतो का?"