खिडकी लावण्याचा फोन

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या कागद कारखान्याचे मॅनेजर साहेब, मुद्दाम वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, युनियनचे सेक्रेटरी, बॉयलर खात्यातले माझे सोबती आणि भिंतीपलीकडच्या गल्लीतून आलेले माझे शेजारीपाजारी,

निवृत्तीच्या सत्काराला उत्तर द्यायचं असतं म्हणे. एकतीस वर्षं मी उत्तर दिलं ते फक्त मशीनवाल्यांना, आणि तेही एकच, "येतेय वाफ, ओरडू नका." तेव्हा भाषणाची सवय नाही. आत्ता चार जण माझ्याबद्दल जे काही बोलले ते ऐकून मला वाटलं, कोण बुवा हा सद्गृहस्थ, याला एकदा भेटलं पाहिजे. हसा, हसून घ्या. पुढे हसण्यासारखं फार नाही.

सेक्रेटरी साहेब म्हणाले, हा माणूस कामातही बायकोला विसरला नाही, काजळी झाडायच्या आधी रोज घरी फोन करायचा. त्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला त्या टाळ्यांबद्दलच बोलायचंय.

पाहुण्यांना कदाचित माहीत नसेल. बॉयलरच्या नळ्यांवर काजळी धरते. ती रोज वाफेचा फवारा मारून झाडावी लागते, नाहीतर वाफ कमी पडते. झाडलेली काजळी जाते कुठे? धुराड्यातून वर, आणि तिथून खाली आमच्या गल्लीत. आणि आमच्या हिला फुप्फुसांचा जुनाट आजार, डॉक्टर सीओपीडी म्हणतात तो. जन्मात विडीला शिवली नाही हो ती. पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरात धूर कोण करतं?" मी म्हणालो, "कोणी नाही." अंगात कारखान्याचा गणवेश होता माझ्या.

तर रोज साडेदहाला माझा फोन. "लाव गं खिडकी." ती म्हणायची, "लावली हो, झाडा तुमचं काय ते." पुढेपुढे एवढं वाक्य म्हणायलाही तिला मध्ये थांबावं लागायचं. तिची खिडकी लागली की गल्लीतल्या बायका पटापट दोरीवरचे कपडे काढायच्या. समोरच्या शिवणकामवाल्या मावशी तिला चिडवायच्या, "वहिनींना कारखान्यातलं सगळं आतलं कळतं बाई!"

तुम्ही म्हणाल, खिडकी कायमचीच बंद का नाही ठेवली? अहो, धाप लागलेल्या माणसाला बंद खोलीत बसवून बघा. त्याला आधी खिडकी हवी असते. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं, नाकाला नळी होती, तरी ही उठून खिडकीशी जायची. म्हणायची, "तोंडाला वारा लागला की बरं वाटतं." आता त्या वाऱ्यातून काय येत होतं, ते मी तुम्हाला काय सांगू?

मागच्या थंडीत एकदा ती खोकून खोकून अगदी बेजार झाली. सकाळी कुठे तिचा डोळा लागला. मी स्वतःच्या हाताने खिडकी लावली आणि कामावर आलो. साडेदहाला फोन हातात घेतला. मनात आलं, रिंग वाजली की दचकून उठेल, उठली की धाप लागेल. झोपू दे बिचारीला, खिडकी तर लावलेलीच आहे. फोन ठेवला आणि व्हॉल्व्ह उघडला.

तासभर थांबता आलं असतं. मशीनवाले ओरडले असते, ओरडू द्यायचे होते. नाही थांबलो.

ती उठली होती. खिडकी उघडून तिथेच खुर्ची टाकून बसली होती. अकराच्या सुमाराला शिवणकामवाल्या मावशी काळी पडलेली चादर घेऊन तिला रागवायला गेल्या, "वहिनी, आज खिडकी लावायची विसरलात की काय?" आणि मग मावशींनीच ओरडून गल्ली गोळा केली. नऊ दिवस दवाखान्यात होती. दहाव्या दिवशी गेली.

मावशी, मान खाली घालू नका. तुमचं काही चुकलं नाही.

लोक काय बोलले ते मी ऐकलंय. "फोन तर आला असणारच, हिनेच ऐकलं नाही. हट्टी होती." आमची मुलगी समोर पहिल्या रांगेत बसली आहे. तिनेही कितीदा म्हटलं, "बाबा, आईने तुमचं ऐकायला हवं होतं." आणि मी? मी मूग गिळून बसलो. चौदा महिने. सगळे पाठीवर हात ठेवायचे, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत म्हणायचे, आणि मी मान हलवायचो. गेलेल्या बाईवर आळ आला आणि मी तो येऊ दिला. तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा खुर्चीतून उठून पळून जावंसं वाटलं मला.

मॅनेजर साहेब, आपल्याकडे एक मागणं आहे. उद्यापासून माझ्या जागी जे येतील ते भले गृहस्थ आहेत. पण त्यांनी फोन कोणाला करायचा? गल्लीत दम्याचा पंप ओढणारी माणसं अजून चार घरांत आहेत, त्यातले दोन आपलेच रिटायर कामगार. धूर गाळायचं यंत्र बसवणार आहात, कागदावर आलंय, त्याला वेळ लागेल, कबूल. तोवर काजळी झाडायच्या आधी दहा मिनिटं भोंगा द्या. पाळीला भोंगा आहे, जेवणाच्या सुट्टीला आहे, या एका गोष्टीलाच तेवढा नाही. नुसती मान हलवू नका साहेब, लिहून घ्या. मी थांबतो.

आभारी आहे.

आता आवरतो. या समारंभासाठी ज्यांनी ज्यांनी धावपळ केली, खुर्च्या मांडल्या, चहा केला, त्या सगळ्यांचे मनापासून आभार. आनंदाच्या कार्यक्रमात मी हे काढलं, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. बोलण्यातलंच म्हणतोय मी. त्या दिवशीची माफी तुमच्याकडे मागून उपयोग नाही, आणि जिच्याकडे मागायची ती राहिली नाही.

बाळा, आईला हट्टी म्हणू नकोस. ती माझ्या फोनची वाट बघत बसली होती.