दोन आवाजांमधलं अंतर

(१९७६. सोलापूर, शुक्रवार पेठ. गिरणीतून निवृत्त झालेल्या रुद्रप्पांच्या घरी कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी शेजारची हेमावती टेपरेकॉर्डर घेऊन बसली आहे.)

हेमावती: अज्जा, पुन्हा उशीर. आधी बारीक आवाज वाजला की जाड, एवढंच सांगायचं.

रुद्रप्पा: बारीक. वाजला तवाच कळलं हुतं.

हेमावती: मग बोलला का नाहीत?

रुद्रप्पा: आणखी दोनदा वाजंल म्हणून थांबलो. तीस वर्सं जॉबर हुतो न्हवं का, माग नीट चालतोय का ते बघणारा. मागात सूत घिऊन इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याचा आवाज बिघडला वाटलं तरी तीनदा ऐकायचं, मगच माग बंद करायचा. उगाच बंद केला की कापडात पट्टा पडतोय.

हेमावती: इथं एकदाच वाजतं. तुमचे कान चांगले आहेत, ते मी आधीच तपासलं. डोकं किती लवकर ओळखतं, ते बघायचंय.

रुद्रप्पा: कान चांगलं असणारच. लोक हसायचे, पण मी कापसाचा बोळा घालूनच मागाच्या खात्यात शिरायचो. तरीबी चाळीस मागांतला कंचा कुरकुरतोय ते पाठमोरा सांगायचो. लई ग्वाड दिवस हुते, हेमव्वा.

हेमावती: आता आवाज जवळजवळ येतील. थांबायचं नाही.

रुद्रप्पा: जाड. बारीक. बारीक... जाड म्हण.

हेमावती: ‘म्हण’ म्हणजे?

रुद्रप्पा: अंदाजानं बोललो. दोन्ही एकदमच वाजल्यागत वाटलं. किती बरोबर आलं?

हेमावती: अंतर मोठं होतं तोवर सगळे. पुढं निम्मेच. वयाच्या मानानं ठीक आहे की.

रुद्रप्पा: धोटा काय माझं वय बघून उडतोय व्हय? गिरणीत माझ्या हाताखाली हुता त्या बिरप्पानं मागांचा कारखाना टाकलाय, जॉबर म्हणून या म्हणतोय. उद्या सांगायचंय. तितं जगदेवी, चंद्रव्वा, समद्या पोरीच मागावर. मला कळायला उशीर झाला आन् धोटा कुणाच्या डोळ्याला लागला तर? तरण्या माणसाला किती अंतर लागतंय, खरं सांग.

हेमावती: तुमच्या निम्मं. पण अज्जा, हा निकालाचा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुमचं मन असेल तर जा.

रुद्रप्पा: मन हाय गं. मन तर अजून खात्यातच हाय.

हेमावती: मग उद्या काय सांगणार?

रुद्रप्पा: जॉबर दुसरा बघ म्हणायचं. दाराशी एक बाकडं टाक, मी येऊन बसत जाईन.

हेमावती: बसून काय करणार?

रुद्रप्पा: काय न्हाय. घरात लई शांत वाटतंय.